पावसानं काळवंडलेला लाकडी डेक घरच्या घरी कसा सावरायचा

आमचं घर साताऱ्यात, यवतेश्वरच्या डोंगराच्या पायथ्याला. मागच्या दाराबाहेर बारा फूट बाय दहा फुटांचा उघडा लाकडी डेक आहे. माझ्या माहेरचा माची पेठेतला वाडा उतरवला तेव्हा कडीपाटाचं सागवान वखारीला द्यायचं माझ्या जिवावर आलं. पाट डेकच्या फळ्या झाले आणि कड्या त्यांच्याखाली आडव्या गेल्या. ज्या लाकडाच्या छताखाली मी वाढले, त्याच्यावर आता माझी मुलं बसतात.

पण छताखालचं लाकूड आणि उघड्यावरचं लाकूड यांच्या आयुष्यात फार फरक असतो. तीन पावसाळ्यांत डेक राखाडी झाला, उत्तरेकडच्या कोपऱ्यात शेवाळ धरलं, खिळ्यांभोवती काळे डाग पडले. एका रंगाऱ्याला बोलावून दसऱ्यानंतर लगेच चकचकीत व्हार्निश मारून घेतलं. दिवाळीत सगळ्यांनी कौतुक केलं. पुढच्या ऑगस्टपर्यंत त्याचे पापुद्रे सुटले, आणि पापुद्र्याखाली लाकूड ओलं आणि काळं होतं. तो सगळा थर खरवडून काढायला मला डेक बांधण्यापेक्षा जास्त कष्ट पडले.

त्यानंतर शिकत, विचारत, हातानं करत मी हे काम नीट केलं. तुमच्याकडे डेक असेल, गच्चीवर लाकडी कट्टा असेल, फार्महाऊसचा लाकडी व्हरांडा असेल किंवा जुन्या घराचा उघडा सज्जा असेल, तर पद्धत हीच. एक गोष्ट सुरुवातीलाच सांगते, कारण बाकी सगळं तिच्यावर उभं आहे. या कामात तेल किंवा पॉलिश लावणं हा शेवटचा आणि सगळ्यात सोपा भाग आहे. खरं काम आहे धुणं आणि वाळवणं. तिथं घाई केली की वरचा कितीही महागडा डबा वाया जातो.

१. आधी महिना ठरवा, मग सामान आणा

आपल्याकडे पाऊस जूनमध्ये सुरू होतो आणि परतीचा पाऊस ऑक्टोबरमध्येही चांगला झोडपतो. चार महिने भिजलेलं लाकूड वरून कोरडं दिसलं तरी आतून ओलं असतं. म्हणून दसऱ्याला काम करायचा मोह आवरा. धुण्याचं काम दिवाळीनंतर काढा आणि तेलाचं काम डिसेंबर ते फेब्रुवारीत बसवा. हवा कोरडी असते, ऊन सौम्य असतं, वाळवणीला यापेक्षा चांगले दिवस नाहीत.

एप्रिल-मेमध्ये करायचं झालं तर दोन अडचणी. दुपारी फळी इतकी तापते की तेल आत मुरायच्या आधी वरच सुकायला लागतं आणि चिकट पट्टे राहतात. शिवाय वळीव कधी येईल याचा भरवसा नाही. ओल्या तेलावर गारांचा मारा बसला की काम पहिल्यापासून.

प्रत्यक्ष कामाचे दिवस पाच-सहा भरतात, पण ते तीन आठवड्यांत पसरलेले असतात. घरात कार्य असेल, पाहुणे यायचे असतील, तर त्याच्या महिनाभर आधी सुरुवात करा.

२. काय काय लागेल

ही यादी माझ्या १२० चौरस फुटांच्या डेकची आहे. तुमच्या मापानं कमी-जास्त करा.

- काथ्याचा किंवा नायलॉनचा कडक ब्रश, लांब दांड्याचा असेल तर कंबर वाचते. तारेचा ब्रश नको, कारण पुढे येईल.
- दोन प्लॅस्टिकच्या बादल्या. लोखंडी किंवा पत्र्याची बादली या कामाला चालत नाही.
- धुण्याचा सोडा, पाव किलो
- ऑक्झॅलिक ॲसिड, एक किलो. पांढरे स्फटिक असतात. रंगाच्या किंवा केमिकलच्या दुकानात याच नावानं मागा.
- कोपरापर्यंत येणारे रबरी हातमोजे, डोळ्यांवरचा चष्मा, एन-९५ मास्क, गमबूट
- ६० आणि ८० नंबरचा पॉलिश पेपर, आणि शक्य असेल तर भाड्यानं सँडर मशीन
- पटाशी, पक्कड, हातोडी, जुना स्क्रूड्रायव्हर
- स्टेनलेस स्टीलचे अडीच इंची स्क्रू आणि ३ मिलिमीटरचं ड्रिल बिट
- बाहेरच्या लाकडासाठीचं, आत मुरणारं, रंगछटा असलेलं डेक ऑइल, साधारण तीन लिटर
- रुंद ब्रश, सुती चिंध्या भरपूर
- पाण्याचा पाइप आणि खराटा

स्टेनलेसचे स्क्रू साध्या स्क्रूपेक्षा बरेच महाग पडतात आणि दुकानदार हमखास म्हणेल की गॅल्व्हनाइज्ड घ्या, काही होत नाही. सागवानात टॅनिन नावाचा तुरट पदार्थ असतो. लोखंड आणि टॅनिन पाण्यात एकत्र आले की काळी शाई तयार होते. पूर्वी शाई करायची एक रीत अशीच होती. खिळ्याभोवतीचा तो काळा गोल डाग म्हणजे हीच शाई. गॅल्व्हनाइज्ड स्क्रूवरचा जस्ताचा थर स्क्रू पिळतानाच खरवडला जातो आणि दोन पावसाळ्यांत डाग परत येतो. तारेच्या ब्रशचंही तेच. त्याच्या बारीक तारा तुटून फळीत अडकतात आणि पहिल्या पावसात डेकवर मोहरीएवढे काळे ठिपके उमटतात.

३. खाली वाकून बघा

वरून डेक कितीही वाईट दिसत असला तरी राखाडी रंग हा आजार नव्हे. उन्हातल्या अतिनील किरणांनी लाकडातलं लिग्निन, म्हणजे तंतूंना धरून ठेवणारा पदार्थ, सुटतो. पाऊस तो धुऊन नेतो आणि मागं राखाडी तंतू उरतात. हा थर एक मिलिमीटरही खोल नसतो. त्याच्याखाली तुमचं सागवान जसंच्या तसं आहे. त्यामुळे राखाडी दिसलं म्हणून फळ्या बदला असं कोणी सांगितलं तर लगेच ऐकू नका.

खरा धोका खालच्या बाजूला असतो. टॉर्च घ्या, आडवे व्हा आणि फळ्यांखालच्या कड्या बघा. फळी जिथं कडीवर टेकते तिथं पाणी साचतं. कडी जिथं भिंतीला किंवा मातीला टेकते तिथं तर नक्कीच. स्क्रूड्रायव्हरचं टोक अशा प्रत्येक जागी जोर देऊन टोचा. चांगल्या लाकडात टोक रुतत नाही, ठक्क आवाज येतो. कुजलेल्या लाकडात ते लोण्यासारखं आत जातं आणि बाहेर काढल्यावर टोकाला ओला तपकिरी भुसा लागतो. माझ्या डेकच्या भिंतीकडच्या कडीचं शेवटचं नऊ इंच टोक असं निघालं. वरची फळी मात्र ठणठणीत होती, म्हणून इतकी वर्षं कुणाला कळलं नाही.

वाळवी मातीच्या नळ्या करून वर चढते. विटांच्या खांबावर किंवा भिंतीवर पेन्सिलएवढ्या जाडीची मातीची रेघ दिसली की ती वाळवी. बारीक भोकं आणि त्याखाली पिठासारखी पूड दिसली तर पोखरणारा किडा. टाकणखार आणि बोरिक ॲसिडचं पाणी किड्यावर चालतं, पण ते पाण्यात विरघळतं. उघड्यावरच्या फळीतून पावसात निघून जातं, त्यामुळे वरून तेलाचा थर आल्याशिवाय त्याचा उपयोग टिकत नाही. वाळवी घराकडे सरकलेली दिसली तर पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलवा, तिथं घरगुती उपायांत वेळ घालवू नका.

कुजलेला भाग चांगलं लाकूड लागेपर्यंत, आणि त्यापुढे आणखी सहा इंच कापून टाका. नवा तुकडा जोडायला जुनंच लाकूड शोधा. आपल्या भागात वाडे उतरवणं चालूच असतं आणि वखारीत उतरवलेलं सागवान मिळतं. नवं सागवान ताजं असलं की वर्षभरात आकसतं आणि जोड उघडतो. हे जोडकाम जमत नसेल तर सुताराकडून करून घ्या. कडीवर सगळ्यांचं वजन असतं.

एक महत्त्वाची सूचना. वाड्याच्या लाकडावर जुन्या ऑइलपेंटचे थर असतील तर ते कोरडे घासू नका. आपल्या देशात घरगुती रंगांमधल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीच्या, विशेषतः जुन्या हिरव्या-पिवळ्या-लाल ऑइलपेंटमध्ये शिसं असू शकतं आणि त्याची धूळ लहान मुलांसाठी फार वाईट. असा रंग पाण्यानं ओला करून पटाशीनं खरवडा, कपटे कागदावर गोळा करून पिशवीत बांधा, आणि त्या दिवशी मुलांना आजीकडे पाठवा.

४. खिळे काढा, फळ्या बसवा

लोखंडी खिळे एकेक करून काढा. वर आलेला खिळा पक्कडीनं निघतो. डोकं तुटलेला असेल तर त्याच्याभोवतीचं लाकूड उकरत बसू नका, दोन-तीन मिलिमीटर आत ठोकून द्या आणि शेजारी नवा स्क्रू घ्या. जुन्या भोकांत बांबूची काडी जलरोधक गोंदात बुडवून ठोका आणि वरून सपाट कापा. लांबी, म्हणजे पुट्टी, भरू नका. घरातल्या दाराला लांबी ठीक आहे, बाहेर ती पहिल्या उन्हाळ्यात सुटून येते.

जुनं सागवान कोरडं आणि ठिसूळ असतं. आधी ३ मिलिमीटरचं भोक पाडल्याशिवाय स्क्रू पिळाल तर फळीचं टोक उभं चिरतं. टोकापासून निदान दीड इंच आत भोक घ्या. दोन फळ्यांमध्ये पाच मिलिमीटर फट ठेवा, पाच मिलिमीटरचं ड्रिल बिट मध्ये धरलं की माप चुकत नाही. या फटींतून पाणी पडतं आणि हवा खेळते. फटी बुजवलेला डेक आमच्या पावसात टिकूच शकत नाही.

५. धुणं

आधी खराट्यानं झाडा आणि फटींतला पाचोळा पातळ पट्टीनं उकरून काढा. माझ्या फटींत तीन वर्षांची आंब्याची पानं कुजून काळा चिखल झाला होता. तोच चिखल स्पंजासारखं पाणी धरून कडी कुजवत होता.

दहा लिटर कोमट पाण्यात शंभर ग्रॅम धुण्याचा सोडा विरघळवा. फळी साध्या पाण्यानं भिजवा, सोड्याचं पाणी ओता, दहा मिनिटं थांबा आणि शिरांच्या दिशेनं घासा. आडवं घासू नका. काळं-हिरवं पाणी वाहायला लागेल. एका वेळी दोन-तीन फळ्याच घ्या आणि सुकायच्या आत स्वच्छ पाण्यानं धुवा.

सोड्यानं सागवान गडद, लालसर-काळपट होतं. घाबरू नका, पुढच्या पायरीत ते उजळतं.

इथं तीन चुका फार लोक करतात. पहिली, गाड्या धुण्याची प्रेशर गन. शेवाळ झटकन निघतं म्हणून बरं वाटतं, पण जवळून मारलेलं पाणी मऊ तंतू उकरून काढतं आणि फळी कापसासारखी फुलते. गन वापरायचीच असेल तर पंख्यासारखा फवारा ठेवा आणि निदान फूटभर लांबून मारा. दुसरी चूक, ब्लीचिंग पावडर. त्यातलं क्लोरीन लाकूड पांढरं करतं खरं, पण तंतूही खातं. तिसरी सगळ्यात धोक्याची. ब्लीचिंग पावडर आणि कुठलंही ॲसिड एकत्र आलं की क्लोरीन वायू सुटतो. पुढच्या पायरीत आपण ॲसिड वापरणार आहोत, तेव्हा ब्लीचिंग पावडर या कामात आणूच नका. संडास धुण्याचं ॲसिडसुद्धा नको.

६. ऑक्झॅलिक ॲसिड: काळे डाग इथं जातात

धुतलेला डेक ओलसर असतानाच ही पायरी घ्या. हातमोजे, चष्मा, मास्क घाला. हे ॲसिड पोटात गेलं तर विषारी आहे, मूत्रपिंडाला इजा करतं, आणि त्याची पूड श्वासात जाऊ नये. पाण्याच्या बाटलीत किंवा स्वयंपाकघरातल्या डब्यात ते कधीही ठेवू नका. डब्यावर मोठ्या अक्षरात नाव लिहा. मी हे काम मुलं शाळेत असताना केलं आणि कुत्र्याला दिवसभर पुढच्या अंगणात बांधून ठेवलं.

प्लॅस्टिकच्या बादलीत दहा लिटर गरम पाणी घ्या आणि त्यात सहाशे ग्रॅम स्फटिक हळूहळू सोडा. ॲसिड पाण्यात घालायचं, पाणी ॲसिडवर ओतायचं नाही. लाकडी काठीनं ढवळा. हे पाणी ब्रशनं संपूर्ण फळीवर सारखं लावा. फक्त डागावर लावलं तर डागाच्या जागी पांढरा ठिपका दिसतो आणि तो तेलातूनही झाकला जात नाही.

मग समोर बसून बघा. खिळ्याभोवतीचा काळा गोल आधी कडेनं निळसर होतो, मग तपकिरी, आणि दहा-पंधरा मिनिटांत त्याच्यातून सागवानाच्या शिरा दिसायला लागतात. माहेरच्या माडीवर जमिनीवर पडून मी ज्या शिरा मोजायची त्या मला पुन्हा दिसल्या. जिथं डाग हट्टी असेल तिथं पूर्ण फळीला दुसरा हात द्या. वीस मिनिटांपेक्षा जास्त ठेवू नका आणि वाळू देऊ नका.

नंतर धुवा, आणि पुन्हा धुवा. एका बादलीत मूठभर खाण्याचा सोडा घालून तो एकदा फिरवा, म्हणजे उरलेलं ॲसिड मरतं, आणि शेवटी पाइपचं स्वच्छ पाणी. ॲसिडचे स्फटिक फळीत राहिले तर पुढे घासताना तीच पूड तुमच्या नाकात जाते. डेकच्या कडेला तुळस किंवा झाडं असतील तर त्यांच्या मातीत हे पाणी जाऊ देऊ नका. आधी मातीवर प्लॅस्टिक अंथरा आणि झाडं साध्या पाण्यानं भिजवून ठेवा.

७. वाळवणं

हीच ती पायरी जी मी चुकवणारच होते. धुतल्यावर दुसऱ्या दिवशी डेक इतका सुंदर, मधासारखा दिसत होता की मला राहवेना. तिसऱ्या दिवशी मी तेलाचा डबा घेऊन बसले. आमच्याकडे कडी जोडायला आलेले सुतार मिस्त्री पायरीवर चहा पीत होते. ते म्हणाले, "वहिनी, डबा काय पळून चाललाय व्हय? फळीला पंधरा दिवस तर द्या." आणि त्यांनी मला जे करून दाखवलं ते तुम्हीही करा.

जाड पॉलिथीनचा हातभर तुकडा घ्या. सावलीतल्या फळीवर अंथरा आणि चारी बाजू चिकटपट्टीनं घट्ट बंद करा. रात्रभर राहू द्या. सकाळी काढून आतली बाजू बघा. पाण्याचे बारीक थेंब जमलेले असतील किंवा खालची फळी गडद दिसत असेल, तर लाकडातून अजून ओल बाहेर पडते आहे. माझ्या तुकड्याखाली चौथ्या रात्री इतके थेंब होते की बोट फिरवल्यावर ओघळ आला. अकराव्या रात्रीही थोडी ओल होती. सोळाव्या सकाळी तुकडा कोरडा निघाला.

पिन टोचून ओलावा मोजायचं छोटं मीटर मिळतं. ते असेल तर १५ टक्क्यांच्या खाली आकडा आल्याशिवाय पुढे जाऊ नका. एकाच जागी मोजू नका. भिंतीकडे, सावलीत आणि फळीच्या खालच्या बाजूला मोजा, आणि सगळ्यात मोठा आकडा धरा.

या दिवसांत डेकवर काही ठेवू नका, खालची हवा अडवू नका. हिवाळ्यात पहाटे दव पडतं आणि फळी वरून ओली दिसते. ते दव दहा-साडेदहापर्यंत उडतं, त्यानं आतलं वाळणं थांबत नाही. पण मधेच अवकाळी पाऊस झाला, तर दिवस पहिल्यापासून मोजा.

८. घासणं

ओलं-वाळलं झालेल्या फळीवर बारीक तंतू उभे राहतात. ६० नंबरनं ते काढा, ८० नंबरनं संपवा. त्याहून बारीक पेपर लावू नका. घरातल्या टेबलाला २२० नंबर ठीक, पण डेक आरशासारखा गुळगुळीत केला तर तेल आत जात नाही आणि पावसात पाय घसरतो. आधी प्रत्येक स्क्रूचं डोकं फळीच्या आत गेलंय का ते हातानं चाचपा, नाहीतर पेपर फाटत राहतो. ग्राइंडरला चकती लावून घासू नका. तेल लागल्यावर प्रत्येक गोल ओरखडा उठून दिसतो. सागवानाच्या धुळीनं अनेकांना खाज येते आणि खोकला लागतो, म्हणून मास्क शेवटपर्यंत.

झाडा, मग कोरड्या फडक्यानं पुसा. पाण्यानं नाही.

९. कोणतं तेल, आणि कसं लावायचं

बाहेरच्या लाकडावर दोन प्रकारचे पदार्थ लावतात. एक आत मुरतो, दुसरा वर कातडीसारखा थर धरतो. व्हार्निश, मेलामाइन, पीयू (पॉलियुरेथेन) हे थर धरणारे. मेलामाइन तर घरातल्या फर्निचरसाठीच आहे. डेकवर पाणी फटीतून, टोकातून, खालून सगळीकडून शिरतं. वर कातडी असली की ते बाहेर येऊ शकत नाही, उन्हात वाफ होऊन कातडीच फोडतं. मुरणारं तेल झिजतं, पण सोलत नाही, आणि पुढच्या वर्षी त्याच्यावरच पुन्हा हात मारता येतो. म्हणून मी मुरणारंच सुचवते.

रंगछटा असलेलंच घ्या. बिनरंगाच्या तेलातून ऊन थेट लाकडापर्यंत पोचतं आणि फळी वर्षभरात पुन्हा राखाडी होते. उन्हाला अडवतात ते त्यातले रंगकण.

बरेच जण नुसतं बेलतेल, म्हणजे उकळलेलं जवसाचं तेल लावायला सांगतात. खिडकीच्या आतल्या बाजूला ते छान. पण पावसात उघड्या डेकवर तेच तेल बुरशीचं खाद्य होतं आणि सप्टेंबरपर्यंत फळ्या काळ्या पडतात. शेतावर काही जण गाडीचं जळकं ऑइल फासतात. तेही नको. ते पायाला लागतं, मातीत उतरतं, आणि एकदा मुरलं की त्याच्यावर दुसरं काही धरत नाही. कोकणातले पाहुणे काजूच्या टरफलाचं तेल सुचवतील. होड्यांना ते लावतात हे खरं, पण त्यानं कातडीवर फोड येतात. अनवाणी बसायच्या जागेवर मी ते लावणार नाही.

लावायच्या आधी फळीवर पाण्याचा एक थेंब टाका. तो मिनिटभरात आत गेला तर लाकूड तेल घ्यायला तयार आहे. मोत्यासारखा उभा राहिला तर तिथं जुनं पॉलिश शिल्लक आहे, पुन्हा घासा.

दव उडाल्यावर, पण फळी तापायच्या आत सुरू करा. डबा तळापासून ढवळा, रंगकण खाली बसलेले असतात. दाराच्या विरुद्ध टोकापासून सुरू करा म्हणजे अडकणार नाही. एका वेळी दोन फळ्या घ्या आणि त्या या टोकापासून त्या टोकापर्यंत न थांबता पुऱ्या करा. मध्येच थांबलात तर जिथं थांबलात तिथं गडद पट्टा राहतो. पातळ हात द्या. पंधरा-वीस मिनिटांनी वर जे तेल चमकत राहील ते सुती फडक्यानं पुसून घ्या. तेल विकत आणलंय म्हणून पुसायला जीव होत नाही, पण न पुसलेलं तेल आठवडाभर चिकटत राहतं आणि त्यावर धूळ बसते.

फळ्यांची कापलेली टोकं विसरू नका. लाकडाच्या नळ्या तिथं उघड्या असतात, पाणी सगळ्यात जास्त तिथूनच शिरतं. टोकांना तीन-चार हात द्या, पीत राहतील तितके. जमत असेल तर फळ्या बसवण्याआधीच खालची बाजू आणि कडीची वरची बाजू तेलात माखा.

दुसरा हात डब्यावर लिहिलेल्या वेळेनंतर, साधारण दुसऱ्या दिवशी. खुर्च्या तीन दिवसांनी.

चिंध्यांबद्दल नीट वाचा. जवसासारखी सुकणारी तेलं हवेशी संयोग पावताना गरम होतात. तेल लागलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकल्या तर ती उष्णता आत कोंडते आणि त्या आपोआप पेट घेऊ शकतात. काडी लागत नाही, ठिणगी लागत नाही. काम संपताक्षणी सगळ्या चिंध्या पाण्याच्या बादलीत बुडवा, किंवा बाहेर तारेवर एकेक सुटी पसरून पूर्ण कडक होईपर्यंत वाळवा. मगच कचऱ्यात टाका.

१०. पावसाळ्यात काय करायचं, काय नाही

मे अखेरीस फटी साफ करा. आणि डेकवर ताडपत्री अंथरू नका. मी पहिल्या वर्षी निळी ताडपत्री घट्ट ताणून कडेनं विटा ठेवल्या होत्या. ऑक्टोबरमध्ये काढली तेव्हा खाली पांढरी बुरशी कापसासारखी पसरली होती. पावसाचं पाणी अडलं, पण जमिनीची वाफ वर येऊन ताडपत्रीखाली कोंडली. महाबळेश्वरला पावसाळ्याआधी घरांना गवताच्या झडी, म्हणजे गवताचे पडदे, बांधतात. पाणी अडतं आणि गवतातून हवाही जाते. झाकायचंच असेल तर बांबूवर उतार देऊन, फळ्यांपासून निदान दोन फूट वर झाका आणि बाजू मोकळ्या ठेवा.

ओलं पायपुसणं, गोणपाट, कुंड्यांच्या बशा डेकवर पडून राहू देऊ नका. कुंड्या तिवईवर ठेवा आणि महिन्यातून एकदा जागा बदला. शेवाळाचा पहिला हिरवा हात दिसला की पावसातच काथ्याच्या ब्रशनं, नुसत्या पाण्यानं घासून टाका. तेव्हा पाच मिनिटांत निघतं.

दिवाळीनंतर साधं धुणं, पॉलिथीनच्या तुकड्याची परीक्षा, आणि फळी कोरडी निघाली की एक पातळ हात. ॲसिड आणि पॉलिश पेपर दरवर्षी लागत नाहीत. माझ्याकडे गेल्या वर्षी अर्ध्या दिवसात झालं आणि सव्वा लिटर तेल लागलं. उत्तरेच्या कोपऱ्याला ऊन कमी लागतं, तो बाकीच्या डेकपेक्षा आठवडाभर उशिरा वाळतो. तुमच्या डेकचा असा कोपरा कुठला ते पहिल्याच वर्षी शोधून ठेवा आणि पॉलिथीनचा तुकडा दरवेळी तिथंच चिकटवा.